आठ महिने मराठी विकिपीडियावर: खोडलेल्या ओळींचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या मोबाइल समूहावर दुरुस्ती निधीच्या खर्चाबद्दल मी विचारलेला प्रश्न गेल्या वर्षी तासाभरात नाहीसा झाला, आणि तो का काढला असे विचारल्यावर 'समूहाची शिस्त' एवढे दोनच शब्द पदरात पडले. त्याच चिडीत मी मराठी विकिपीडियावर खाते उघडले. तिथेही माझे लिखाण खोडले गेलेच, पण त्याची तऱ्हा निराळी होती.

वसईच्या किल्ल्यावरील लेखात मी १७३९च्या मोहिमेविषयी चार ओळी घातल्या आणि चिमाजी अप्पांच्या पराक्रमाला 'अलौकिक', 'अतुलनीय' अशी विशेषणे सढळ हाताने लावली. दुसऱ्या दिवशी सन आणि घटना जागच्या जागी होत्या, विशेषणे मात्र गेली होती. लेखाचा इतिहास उघडला तेव्हा जुनी आणि नवी आवृत्ती शेजारीशेजारी दिसली. कोणत्या सदस्याने किती वाजता कोणता शब्द काढला हे तर होतेच, शिवाय 'गौरवपर शब्द वगळले, संदर्भ हवा' असे कारणही नोंदवलेले होते. चर्चापानावर मी तावातावाने लिहिले. उत्तर आले की पराक्रम कोणी नाकारलेला नाही, तो तपशिलांतून वाचकाला दिसू द्यावा. हे पटायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ग्रंथालयातून पुस्तक आणून पृष्ठक्रमांकासह संदर्भ जोडला, आणि त्या ओळी आजही लेखात आहेत.

येथे मनात येईल ते मांडण्याची मुभा नाही, हे नवख्याने आधीच समजून घ्यावे. मजकूर पडताळण्याजोगा आणि तटस्थ हवा. मात्र ही बंधने राबवणारे प्रचालक, म्हणजे जादा अधिकार दिलेले सदस्य, पडद्याआड नसतात: त्यांनी पान वगळले किंवा एखाद्या सदस्यावर प्रतिबंध घातला, तर त्याची नोंद त्यांच्या नावानिशी राहते आणि प्रतिबंधाची मुदतही कोणालाही पाहता येते. निर्णय पटला नाही तर चावडीवर, म्हणजे सर्वांसाठी खुल्या असलेल्या चर्चेच्या पानावर जाऊन चारचौघांत विचारता येते. (बहुतेक प्रचालक टोपणनावानेच वावरतात, पण कामाचा माग राहिला की खऱ्या नावाची मला तरी गरज वाटली नाही.)

हा उघडेपणा न्यायालयापर्यंतही पोहोचला. एएनआय या वृत्तसंस्थेने विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेवर लावलेल्या बदनामीच्या दाव्याविषयी इंग्रजी विकिपीडियात लिहिले गेलेले पान ऑक्टोबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून हटवावे लागले. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. हटवण्याचे कारण उघड होते, म्हणूनच त्याविरुद्ध दाद मागता आली, असे मला वाटते.

उणिवाही आहेत. वगळलेल्या पानाचा मजकूर फक्त प्रचालकांना दिसतो, बाकीच्यांच्या हाती नोंदीतील एखादी ओळ उरते; खाजगी माहिती किंवा चोरलेला मजकूर असेल तर ते योग्यच, पण एरवी वगळणे बरोबर होते की नाही हे आपल्याला ताडता येत नाही. शिवाय बदलाचा सारांश लिहिण्याची चौकट रिकामी सोडता येते. परवा माझेच जुने बदल चाळले, तर त्यांतल्या निम्म्यांपुढे ती चौकट कोरीच होती.