कलम ३५० वापरून बघितलं: बेळगावात मराठीत निवेदन देण्याचा अनुभव

गेले बरेच महिने मी सरकारी ऑफिसात तक्रारीचा प्रत्येक कागद मराठीतच देतोय, पंचायतीत, तालुक्याला, सिटीत पण, आणि वर ठळक लिहितो 'संविधान कलम ३५० नुसार निवेदन'. खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडची मंडळी सारखी विचारतात चालतं का म्हणून, तर होय, चालतं, पण कुठपर्यंत ते नीट समजून घ्या.

तक्रार निवारणासाठी कुठल्याही अधिकाऱ्याकडं, राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं, एवढंच हे कलम म्हणतं. टक्केवारीची अट नाही, गावात मराठी घर एकच असलं तरी हक्क तोच. अक्कलकोट-जतच्या कन्नड माणसालाही तिकडं कन्नडमध्ये द्यायचा अगदी हाच हक्क आहे, आणि तो त्याला मिळायलाच पाहिजे.

खिडकीवर काय होतं सांगतो. क्लार्क कागद बघतो, परत सरकवतो, 'कन्नडदल्ली बरेयिरी' म्हणतो. तिथं आवाज चढवायचा नाही. मी म्हणतो, घ्या की साहेब, नाही घेत तर माझ्या कॉपीवर तसं लिहून सही द्या. ते लिहून कोण देत नाही, मग तो आत विचारून येतो आणि शिक्का पडतो. पोचेवर तारीख आणि इनवर्ड नंबर बघितल्याशिवाय खिडकी सोडू नका, पुढची सगळी लढाई त्या नंबरावर चालते. एका ठिकाणी शेवटपर्यंत घेतलाच नाही, तिथं स्पीड पोस्टानं पाठवला.

कमी पडतं ते उत्तराला. ते कन्नडमध्येच येतं, कारण उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं याबद्दल कलमात काहीच नाही. आपल्याकडं सगळे १५ टक्क्यांचं बोलतात, म्हणजे एखाद्या अल्पसंख्य भाषेची तेवढी लोकसंख्या असली की महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेत पण काढायचे, पण ते संविधानात नाही, केंद्र आणि राज्यांनी मिळून ठरवलेल्या सवलतींत आहे, म्हणून ऑफिसवाले ते सहज टाळतात. कलम ३५०ब चा भाषिक अल्पसंख्याक आयुक्त १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आला, तो राष्ट्रपतींना अहवाल देतो, राज्याला हुकूम करू शकत नाही. तरी मी प्रत्येक कॉपी त्यांना पाठवतोच, नोंद तर होते.

स्वयंनिर्णयाचं, म्हणजे आपण कुठं राहायचं ते लोकांनीच ठरवायच्या हक्काचं म्हणाल तर नागरी-राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ ला स्वीकारताना भारतानं स्पष्ट सांगितलंय की तो हक्क फक्त परकीय सत्तेखालच्या लोकांना. त्याच करारातलं कलम २७ मात्र, अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरू देण्याचं, भारताला लागू आहे. आणि महाराष्ट्रानं घातलेला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल, माझ्या मनातून तो जाणार नाही, पण तोवर हातातला हक्क न वापरता बसणं मला पटत नाही.

आता पाणीपट्टीच्या नोटिसा मराठीतून पण द्या म्हणून निवेदन दिलंय. पोच मिळालीय, उत्तर यायचंय.