भुईकाटा ते ऑफिस, ७० मीटर सिरियल केबल: आठ महिन्यांचा अनुभव

आमची डाळमिल लातूरला आहे. भुईकाट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारे यंत्र) फाटकाजवळच्या केबिनमध्ये आणि पावती छापणारा संगणक ऑफिसात, मधले अंतर ७० मीटर. इंडिकेटर आणि संगणक ज्या पद्धतीने बोलतात त्या आरएस-२३२ या सिरियल मानकाची ५० फुटांची मर्यादा ठाऊक असूनही मी जानेवारीत जाड, शिल्ड (तारांभोवती धातूचे आवरण) असलेली केबल टाकली, कारण सिग्नल लांब नेणाऱ्या कन्व्हर्टरच्या जोडीवर खर्च करणे मला जिवावर आले होते. पहिल्याच दिवशी सेकंदाला १९२०० बिट या वेगाला तुरीच्या ट्रकचे वजन येण्याऐवजी पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटली.

आरएस-२३२ च्या १९६९ च्या मानकातील फुटांची अट नंतर बदलून तिच्या जागी २५०० पिकोफॅरड धारितेची (केबलमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता; ती वाढली की वेगवान सिग्नल बिघडतो) अट आली, हे मला केबल पुरून झाल्यावर कळले. शिल्डमुळे धारिता वाढते, म्हणजे जास्त पैसे मोजून मी स्वतःच अंतर कमी करून घेतले होते. मग इंडिकेटर आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे वेग २४०० केला आणि आकडे स्वच्छ येऊ लागले. सेकंदाला २४० अक्षरे काट्याला पुरून उरतात. त्यामुळे दोन महिने मी ही केबल भेटेल त्याला सुचवत होतो.

ते मत मी मागे घेतो. मिल पूर्ण भाराने सुरू झाली की मोठी मोटर चालू होताना वजनात भलताच आकडा घुसत असे. आरएस-२३२ मध्ये प्रत्येक सिग्नल सामाईक ग्राउंडच्या तुलनेत मोजला जातो, आणि आमच्या केबिनचे व ऑफिसचे अर्थिंग वेगवेगळे आहे. मृगाच्या पहिल्या कडकडाटात संगणकाचा पोर्टच जळाला, तेव्हा आरएस-४८५ या दुसऱ्या सिरियल मानकाचे, आयसोलेशन (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारी सोय) असलेले कन्व्हर्टर घ्यावेच लागले. त्यात दोन तारांमधील फरक मोजला जातो, म्हणून कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत अडचण येत नाही. पडून असलेल्या नेटवर्क केबलची एक पिळलेली जोडी सिग्नलला पुरली, हा निखळ आनंद.

परंतु दोन कन्व्हर्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले, आणि त्यांच्या तारांच्या स्क्रूंवर छापल्याप्रमाणे ‘ए’ला ‘ए’, ‘बी’ला ‘बी’ जोडून माझ्या दोन संध्याकाळी वाया गेल्या. मानकानुसार ‘ए’ ही उलट (उणे) तार असते, तर अनेक चिप बनवणारे ‘ए’ हे नाव सुलट (अधिक) तारेला देतात. तारा अदलाबदल करताच तिसऱ्या संध्याकाळी वजन आले. स्क्रूजवळ अधिक-उणेची खूण छापायला असा किती खर्च येतो? केवळ एवढ्यासाठी मी दोन्ही कन्व्हर्टरच्या गुणांकनातला एकेक स्टार कापतो, बाकी तीन महिन्यांत एकही पावती चुकलेली नाही.

जाड केबल उकरून गुंडाळून ठेवली आहे. तिचे १५ मीटरचे चार तुकडे होतील आणि तेवढ्या अंतराला ती उत्तम आहे. कुणाला हवी असल्यास निम्म्या किमतीत देईन.