क्लच सुटत नाही म्हटलं की लगेच गिअरबॉक्स न उतरवणारं गॅरेज

सांगली-मिरज रोडच्या आतल्या गल्लीत पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढी जागा, बोर्डही धड वाचता येत नाही. तरी क्लचच्या कामाला इथेच यावं. बाहेरून तपासता येतं ते सगळं तपासल्याशिवाय मिस्त्री गिअरबॉक्सला हात लावत नाहीत.

क्लच सुटत नसेल तर इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, चालू केलं की पहिला पडत नाही आणि रिव्हर्सला खर्रर्र होतं. म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून) सुटत नाही. क्लच घसरत असेल तर उलटं होतं: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. दोन्हीला आपण 'क्लच गेला' म्हणून मोकळे होतो आणि नवा सेट उगाच बसतो.

इथे आधी पेडलखालची मॅट ओढून काढतात. हसू नका, जाड मॅटमुळे पेडल तळापर्यंत न जाणाऱ्या गाड्या असतातच. मारुती 800, जुन्या अल्टोसारखी केबलची गाडी असेल तर फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) बघतात आणि केबलच्या टोकाला तारा तुटल्यात का ते चाचपतात. हायड्रॉलिक गाडीत, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर क्लच चालतो तिथे, पेडल तीन-चारदा भराभर मारून दाबून धरायला सांगतात. तेवढ्याने गिअर पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सील गेलंय. गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबरी बूट मागे सारून आत बोट फिरवलं की ओल लागते, निदान तिथेच होतं. कुठेच गळत नाही, पण पेडल दाबून धरलं की गाडी हळूहळू पुढे सरकायला लागते? मग मास्टर सिलिंडरचं (पेडलकडच्या सिलिंडरचं) सील आतल्या आत सोडतंय.

लाइनमधली हवा काढताना स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवतात. पेडल खाली, निपल सैल, निपल बंद, मगच पेडल वर. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालतं, आणि ऑइलची छोटी टाकी मध्येच रिकामी होऊ देत नाहीत. हे काम शेकड्यात भागतं, गिअरबॉक्स उतरला की हजारात जातं.

सांगलीचा खास आजार म्हणजे पुरात बुडालेली गाडी. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. गावभागात, कर्नाळ रोडला पाणी शिरलं की बंद उभ्या गाड्यांची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल हाताला नेहमीसारखंच लागतं, ऑइलही भरलेलं असतं, तरी गिअर पडत नाही. पाणी काढून, ऑइल बदलून इंजिन ठीकठाक झालेलं असेल तर मिस्त्री ते गरम करून बंद करतात, मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबून स्टार्टर मारतात आणि ॲक्सिलरेटर दाब-सोड करतात. सुटली तर टक्कन सुटते. दोन-तीन वेळा करून नाही सुटली तर उतरवतात, कारण पुढे नुसती ओढाताण होते. घराच्या बोळात हा प्रयोग कुणी करू नये, गाडी झटक्यात पुढे उडी घेते. प्लेट सुटली तरी गिअरबॉक्सचं ऑइल बघून घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

दुसरीकडे नवा क्लच बसवून आलेली गाडीही इथे येते. प्लेट उलटी बसलेली असते, किंवा बसवताना गिअरबॉक्सचा भार प्लेटवर लटकवल्याने ती वाकलेली असते. हे ओळखायला मात्र पुन्हा सगळं उतरवावंच लागतं.

आता तक्रारी. 'उद्या देतो' म्हणजे परवा धरा. बिल म्हणजे चिठ्ठी, पार्ट नंबर मागितल्याशिवाय लिहीत नाहीत. आणि हायड्रॉलिक क्लचलाही लागणाऱ्या ब्रेक ऑइलची अर्धी बाटली झाकण सैल ठेवून कपाटावर पडलेली असते. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून टाकीच्या झाकणावर डॉट 3 की डॉट 4 (ब्रेक ऑइलचे प्रकार) लिहिलंय ते बघून सीलबंद बाटली सोबत न्यावी. मिस्त्री त्याला नाही म्हणत नाहीत.