दोन डिस्कचा नॅस, वर्षभरानंतर: डबा उत्तम, अडॅप्टरला शून्य

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांचे फोटो, फाइली एका जागी साठवायचा, डिस्क घातलेला डबा. तो चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बराच वेळ मी अडॅप्टरबद्दलच बोलणार आहे.

रॅम किती, प्रोसेसर कुठला, हे सगळं तुम्ही वाचून आला असालच. आमचा दोन खणांचा आहे, ४-४ टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे जातं तेच दुसरीवर. घेण्यामागचं कारण मात्र स्पेसिफिकेशनमध्ये सापडणार नाही. ठाण्यात चरईतलं आमचं घर लहान, आणि टीव्हीखालच्या कपाटाचे दोन कप्पे बंद पडलेल्या वस्तूंनी भरलेले. जुने मोबाइल, पोर्टेबल हार्ड डिस्क, सीडींचे गठ्ठे, कुणाचा तरी डिजिटल कॅमेरा. काही टाकायला काढलं की घरातून एकच उत्तर, ‘त्यात फोटो आहेत.’ गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची फुकट साठवण बंद केली. मग जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीत संसार करायचा. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच १५ जीबीतून मोजायला लागले, तेव्हा मी नॅस मागवला.

वर्ष सुरळीत गेलं. मग एका सकाळी डबा चालू होईना. म्हणजे दिवे लागायचे, डिस्क फिरायला लागल्याचा आवाज यायचा आणि पुन्हा सगळं बंद. परत दिवे, परत बंद.

हेल्पलाइनवर पहिल्यांदा सांगितलं, बोर्ड गेला असेल, डबा पाठवा, डिस्क काढून ठेवा, डेटाची जबाबदारी आमची नाही. डब्याची वॉरंटी दोन वर्षांची, त्यामुळे मी निवांत होते. दुसऱ्या फोनवर दुसरा मुलगा म्हणाला, अडॅप्टरही असू शकतो. पण ‘मॅम, अडॅप्टर अ‍ॅक्सेसरी में आता है,’ आणि अ‍ॅक्सेसरीची वॉरंटी एकच वर्ष. मी विचारलं, मग नवीन विकत द्या. सुटा मिळतो, पण स्टॉक नाही, आला तर ३,४०० रुपये. अडॅप्टरशिवाय हा डबा काय सूर्यप्रकाशावर चालतो? ज्याच्यावाचून वस्तू चालूच होत नाही ती अ‍ॅक्सेसरी कशी, हे मी मराठीत, हिंदीत आणि शेवटी माझ्या बँकेतल्या इंग्रजीत विचारलं. उत्तर तिन्ही भाषांत तेच.

१९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. ते न्यायालय नव्हे. ते तक्रार कंपनीकडे पोचवतात आणि पाठपुरावा करतात. कंपनीचा फोन मात्र लगेच आला, आवाजही एकदम गोड झाला. त्यांनी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. म्हणजे अडॅप्टर नाही म्हणून आणखी एक डबा घ्या!

शेवटी स्टेशनजवळच्या सीसीटीव्हीवाल्याकडे गेले. हे मला वाटतं या सगळ्या लेखातलं सर्वांत कामाचं वाक्य आहे. नॅसचे बरेचसे अडॅप्टर १२ व्होल्टचे असतात आणि कॅमेऱ्यांचे डीव्हीआरही, म्हणजे रेकॉर्डिंग करणारे डबे, १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे त्यांच्याकडे ते ढिगाने पडलेले असतात. त्याने मीटर लावला. नुसता लावला की अडॅप्टर बारा दाखवत होता, लोड दिला, म्हणजे त्यावर काही चालवायला घेतलं, की झपकन खाली. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना जास्त करंट ओढते, एकदा फिरायला लागली की कमी. थकलेला अडॅप्टर पहिल्या झटक्यालाच मान टाकतो. म्हणून दिवे लागून बंद पडायचा. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं.

‘ताई, जाड पिन की बारीक?’ त्याने विचारलं. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर, दिसायला सारख्याच, पण आतलं भोक एकीचं २.१ आणि दुसरीचं २.५. कॅमेऱ्यांना बहुतेक २.१ लागते, माझ्या डब्याला २.५. त्याने वेगळी पिन जोडून दिली. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनच्या आतलं टोक प्लस आहे ना हे जुन्या अडॅप्टरच्या मागच्या चित्रावरून जुळवायचं. १२ व्होल्ट, ५ अँपिअर, पिनसकट ६५० रुपये. डबा पहिल्या फटक्यात चालू, फोटो जागच्या जागी.

युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅबलेट वगैरेंना टाइप-सी सक्तीचं केलं. नॅस, राउटर यांच्या अडॅप्टरांचा गुंता कोण सोडवणार? घरातली अडगळ मोजली तर निम्मी अशा वायरांचीच निघते, आणि प्रत्येकीची पिन वेगळी.

इथपर्यंतचं मी रागात लिहून ठेवलं होतं आणि एकच तारा देणार होते. आता चार देते आहे, त्याचं कारण सांगते.

सगळे फोटो एका जागी आले की तारखेने लागतात, आणि इथे व्हॉट्सअ‍ॅपने घोळ घातलेला असतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला की तो काढल्याची मूळ तारीख पुसलेली असते. त्यामुळे डब्याने आमची कित्येक वर्षं एकाच दिवसात कोंबली, ज्या दिवशी मी कॉपी मारली त्या दिवसात. पण फाइलच्या नावात तारीख असते. २०१८०९१३ असे आकडे असले तर तो फोटो १३ सप्टेंबर २०१८ ला, त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला आलेला. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन नावातली ही तारीख उचलून फोटोत भरतं. भाच्याने बसून केलं. मग २०१८ चा गणपती २०१८ मध्ये दिसला आणि सासूबाई दुपारभर टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. सासऱ्यांचा कॉलेजातला कृष्णधवल फोटोही त्याच गणपतीत बसलाय, कारण नावातली तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नसते. तो तसाच ठेवलाय.

पैशांचं गणित मात्र मला वाटलं होतं तसं नाही. डबा साधारण १८ वॉट खातो. दिवसरात्र चालला तर महिन्याला तेरा युनिट, आमच्या स्लॅबला सव्वाशे-दीडशे रुपये. गूगलचे १०० जीबी महिना १३० रुपयांना. म्हणजे नुसत्या विजेतच गूगल वसूल, डब्याची किंमत वेगळीच. मी आता रात्री अकरा ते सकाळी सात त्याला आपोआप बंद ठेवते. आणि गूगलची वर्गणी बंद करणार होते, ती चालू ठेवली. अडॅप्टर मेला त्या आठवड्यांत फोनमधले ताजे फोटो तरी गूगलवर दिसत होते. शिवाय दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवरून फोल्डर उडवलं की दुसरीवरूनही उडतं. तिसरी प्रत एका पोर्टेबल डिस्कवर असते, ती नेरूळला भावाकडे. भाऊबीजेला ती येते, भरते आणि ओवाळणीच्या पाकिटाच्या बदल्यात परत जाते.

कपाट रिकामं झालं का? बरंचसं. जुन्या हार्ड डिस्क देण्याआधी विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्या. वेळ लागतो, पण सगळीकडे शून्यं लिहिली जातात. नुसत्या क्विक फॉरमॅटनंतर फोटो परत काढता येतात. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता, तरी नोंदणीकृत ई-कचरावाल्याला दिलं. एका मोबाइलची बॅटरी फुगलेली होती, ती न टोचता, न चार्ज करता वेगळी दिली. काही सीडी वाचल्याच गेल्या नाहीत. त्यांत काय होतं यावर घरात दोन मतं आहेत.

पेन ड्राइव्ह मात्र एकही टाकलेला नाही. सोसायटीखालच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला ते लागतात आणि दर वेळी नवीन व्हायरस घेऊन परत येतात.