लॅपटॉपचं तापमान: ‘सेन्सर्स’ कमांड की थेट कर्नलच्या फायली?

एप्रिलच्या दुपारी बेळगावात, निपाणीकडे तर विचारूच नका, लॅपटॉपचा पंखा घरघरतोय आणि लिनक्स मात्र २७.८ अंशांवर ठाम. खोलीच त्याहून गरम असते की! अशा वेळी आकडे तपासायचे दोन मार्ग.

पहिला, एलएम-सेन्सर्स, म्हणजे लॅपटॉपमधल्या तापमापक चिपांचे आकडे दाखवणारं पॅकेज. ते टाका, टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ लिहा, सगळं नावानिशी समोर येतं. प्रोसेसरचं तापमान इंटेलला ‘कोअरटेम्प’, एएमडीला ‘के१०टेम्प’ या नावाखाली; विश्वास ठेवायचा तो यांच्यावर. ‘एसीपीआयटीझेड’ म्हणजे बायॉस (मदरबोर्डवरचं, मशीन सुरू होताना आधी चालणारं सॉफ्टवेअर) सांगेल तो आकडा, आणि काही बायॉस एकच आकडा घोकत बसतात. एखादी चिप दिसतच नसेल तर ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवा, पण प्रत्येक प्रश्नाला डोळे झाकून ‘यस’ नको. नुसतं एंटर दाबलं की त्यानेच सुचवलेलं उत्तर जातं, तेच बरं.

दुसरा, लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्याच्या गाभ्याने, ‘/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन’ या फोल्डरात मांडलेल्या फायली थेट वाचायच्या. काही बसवायला नको. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली की हाच हाताशी. ‘टेम्प१_इनपुट’मध्ये ४७००० दिसलं म्हणून घाबरू नका, हजाराने भागा: ४७ अंश. खोड एकच. रीस्टार्टनंतर ‘एचडब्ल्यूमॉन२’चा ‘एचडब्ल्यूमॉन३’ होऊ शकतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये क्रमांक न कोंबता शेजारची ‘नेम’ फाइल बघा.

रोजच्याला मी पहिलाच घेईन. पण आकडा दोन्हीकडे अडकलेला असेल तर कमांडला बोल लावू नका. तीही याच फायली वाचते. मग ड्रायव्हर आणि बायॉसचा अपडेट बघायचा.