रीफ टँक पूर्ण उपसून परत लावला, सात महिन्यांनंतरचा अनुभव

घोडबंदर रोडला राहतो. घरात समुद्री जीवांचा, खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक (रीफ टँक), पाणी साधारण १७० लिटर. चार वर्षं मस्त चालला, मग दगडांवर हिरवं शेवाळ असं माजलं की झोआंथस (फुलांसारखे दिसणारे समुद्री जीव, थोडक्यात झोआ) दिसेनासे झाले, वर एपटेशिया (नको असताना पसरणारं छोटं समुद्रफूल). बायको म्हणाली हे विसर्जनानंतरचं तळं आहे का. खोटं नव्हतं म्हणा.

सहा महिने नुसतं शेवाळ उपटत बसलो, ते कुठून येतंय ते बघितलंच नाही, हा माझा गाढवपणा. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०० च्या वर, आरओनंतरही २५-३० यायचा कारण डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार शोषणारे दाणे) कधीच संपलेलं. पाणी उडून जातं पण त्यातलं बाकी सगळं टँकमध्येच राहतं ना, उडालेल्याच्या जागी रोज दोन लिटर नवीन पाणी म्हणजे रोज थोडं खत घालण्यासारखंच. आता मीटरवर शून्य आल्याशिवाय थेंब घालत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी बाल्कनी धुवायला, त्यामुळे आई पण खूश.

उपसायचं काम दिवाळीच्या सुट्टीत काढलं. क्लाऊन माशांची जोडी, झोआ आणि चांगले दगड निळ्या ड्रममध्ये, जुन्याच पाण्यात, हीटर आणि पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) लावून. वाळू ढवळल्याबरोबर सडक्या अंड्याचा वास, खाली काळे पट्टे. म्हणून कुणी वाळू ढवळणार असेल तर आधी मासे बाहेर काढा, तो वायू विषारी असतो. वाळू सगळी फेकली. एपटेशियावाले दगड ब्रशने घासू नका, तुकडा राहिला की त्यातनं नवीन उगवतं, मी ते ब्लीचमध्ये बुडवून, धुवून, गच्चीवर आठवडाभर वाळवले.

नवीन पाण्याला सहा किलोच्या आसपास मीठ लागलं. इथे अजून एक फटका बसला, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्यावर शून्य करून वापरत होतो, घनता १.०२५ दाखवायचा आणि ३५ पीपीटीच्या (समुद्राइतक्या खारट) सोल्युशनने तपासला तर टँकचं पाणी खरं १.०२९ निघालं! ते सोल्युशन आधीच घ्यायला हवं होतं, दुकानदाराने गरज नाही म्हणून सांगितलेलं.

जिवंत (बॅक्टेरिया असलेले) दगड राखल्यामुळे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया दोन आठवड्यांत शून्य झाला. तो संपवणारे बॅक्टेरिया पाण्यात फार नसतात, दगडावर असतात, त्यामुळे जुनं पाणी जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. मग तपकिरी डायटम (नवीन टँकमध्ये धरणारं बारीक शेवाळ) आलं, घाबरलो नाही, महिन्याभरात गेलं. टर्बो गोगलगायी त्यानंतरच सोडल्या, आधी सोडल्या असत्या तर उपाशी मेल्या असत्या.

एप्रिल-मेमध्ये पंख्यावर पाणी २८ अंशांना राहिलं, पण जूनमध्ये हवा दमट झाली की पाणी उडतच नाही आणि पंखा नुसता फिरतो. शेवटी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेतला. लाईट बिलाबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय. लाईट गेली की बॅटरीवरचा एअर पंप मात्र हवाच.

कठीण कोरल या वेळीही ठेवलेलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ येतात, तेव्हा कुणी गुपचूप आणून देतो म्हणालं तरी नको म्हणा.

परवा मागच्या कोपऱ्यात परत एक एपटेशिया दिसलं. दोन पेपरमिंट कोळंब्या आणल्यात, एक इमानदारीत ते खातेय, दुसरी रात्री क्लाऊनचं खाणं पळवते.