शाहूजयंतीचं भाषण: सनावळीने की विषयवार?

जून लागला की कोल्हापुरात २६ तारखेच्या भाषणांची जुळवाजुळव सुरू होते. माहिती कमी पडत नाही, अडतं ते मुद्दे लावताना. सनावळीने जायचं की विषयांचे गट पाडायचे? मी दोन्ही प्रकारे बोललोय, म्हणून अनुभवापुरतं सांगतो.

सनावळ लक्षात ठेवायला सोपी. १८७४ जन्म, १८८४ दत्तकविधान, १८९४ राज्यारोहण. एका सालाचं बोट धरून दुसरं येतं. शिवाय कशातून काय घडलं ते आपोआप दिसतं. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, आणि पुढच्याच वर्षी, महाराज विलायतेत असताना, मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखण्याचा हुकूम. विषयवार मांडलं की बोर्डिंग शिक्षणात जातं, हुकूम सामाजिक न्यायात, आणि मधला दुवा तुम्हालाच बोलून जोडावा लागतो. ही उणीव खरी आहे, नाकारत नाही.

पण माझा कल ठरवला तो चिठ्ठीने. आपल्याकडे कार्यक्रम उशिरा सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, फेटे, सत्कार, ज्यांना सगळे ओळखतात त्यांची सविस्तर ओळख. दहा मिनिटं म्हणून बोलावलेल्या वक्त्यासमोर चार-पाच मिनिटांतच सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतो: ‘आटोपतं घ्या.’ सनावळीने निघालेला वक्ता तेव्हा कुठे राज्यारोहणापर्यंत आलेला असतो. ज्यासाठी जयंती करायची ते सगळं पुढेच! १९०२ चा हुकूम, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९२० ची अस्पृश्यांची माणगाव परिषद हे दीड वाक्यात गुंडाळायचं आणि ‘वेळेअभावी’ म्हणत बसायचं. त्यात आधीच्या वक्त्याने महाराजांच्या जन्मघराण्यापासून, कागलच्या घाटग्यांपासून, सुरुवात केलेली असली, तर आपली पहिली तीन मिनिटं लोक मोबाइल बघतात. माझ्या तरी वाट्याला हे वारंवार आलंय. तुमचे संयोजक शिस्तीचे असतील तर भाग्यवान आहात.

विषयवार मांडणीत ही चिठ्ठी फारशी बोचत नाही. शिक्षण, सामाजिक न्याय, शेती-उद्योग असे तीन गट, प्रत्येकाचं वेगळं कार्ड. सर्वांत वजनदार कार्ड आधी. आरक्षणावर आधीचा वक्ता बोलून गेला तर व्यासपीठावर बसल्या बसल्या कार्डं खालीवर करायची आणि राधानगरी धरणापासून सुरुवात करायची. वेळ कापली तर तिसरं कार्ड खिशात राहतं, भाषण तुटल्यासारखं वाटत नाही. कुस्तीचं चौथं कार्ड करण्याचा मोह होतो, कारण खासबाग मैदानाचं नाव काढलं की टाळी हमखास. ते मी वेळ उरली तरच काढतो.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला मात्र सनावळच बरी म्हणेन. तिथे वेळ ठरलेली, घंटा ठरलेली, आणि अडलेल्या पोराला पुढचं साल आठवलं की गाडी सुरू होते. सभागृहात मोठ्यांसमोर बोलायचं असेल आणि सनावळ सोडवत नसेल, तर निदान ती कार्डाच्या आत ठेवा: शिक्षणाच्या कार्डावर १९०१ आधी, १९१७ नंतर. जन्म आणि दत्तकविधान सूत्रसंचालक सांगतोच.